तेवीस सिगार

रोझारिओ गेला तेव्हा पेटीत तेवीस उरले होते.
एर्मेलिंदबाईंनी मोजून ठेवलेले,
अंडी मोजतात तसे, दोन-दोन करत, आणि वर एक.

मी दिवाडीच्या धक्क्यावर
एकतीस वर्षं गाड्यांची तिकिटं फाडली.
विडी नाही, तपकीर नाही,
फार तर चवथीला एखादं पान.
तर त्यांनी मलाच बोलावलं.
म्हणाल्या, पुनो, एक ओढशील?
त्याच्या कोटांना वास होता,
तो या पावसात गेला.

मी म्हटलं, मला येत नाही.
म्हणाल्या, त्यालाही येत नव्हतं.
बोटीवर कुणा ग्रीक कप्तानाने शिकवलं,
पहिल्या दिवशी कठड्यावरून
समुद्राला जेवण वाढलं त्याने.

सिगार कापायची कातरी
त्याच्या खिशातच राहून मातीत गेली.
मी घरून अडकित्ता घेतला.
हिने विचारलं, सुपारी कुठाय?
मी म्हटलं, शेजारी.

टोपी उडवायची, टाळकं नाही.
वाक्य त्याचं, तोंड बाईंचं.
मी टाळकं उडवलं.
पानं सुटून ओठांना चिकटली,
अर्ध्यावर बाल्कांवाचे खांब गरगरले,
बाईंनी माडाच्या गुळाचा काळा खडा
काही न बोलता हातावर ठेवला.
बावीस.

पुढच्या शनिवारी जरा जमलं.
ज्योत लावायची नाही, दाखवायची,
टोक फिरवत फिरवत, पापडाला दाखवतो तशी.
धूर गिळायचा नाही.
पोरपणी मांडवीत बुडी मारताना
गाल फुगवून राहायचो, तेवढाच ठेवायचा,
मग सोडून द्यायचा.
एवढंच?
एवढंच. आणि राख झाडू नकोस,
तिला पडायचं तेव्हा ती पडेल.

(मी आयुष्यभर फेरीची वेळ सांभाळली.
कुणाला वाटेल तेव्हा
काही होऊ दिलं नाही.)

बाई खुर्ची ओढून बसत
वारा जिकडे जातो तिकडे.
माझ्याकडे बघत नसत.
खाजणातल्या बगळ्यांकडे बघत,
मधूनच म्हणत, थोडा इकडे सोड.

घरी हिने माझा सदरा
अंगणातल्या चाफ्यावर टांगायला लावला.
देवघराकडे फिरकू नका म्हणाली,
आणि मग, दार लावता लावता,
तसा वास वाईट नाही.

नाताळापर्यंत अकरा.
छंद लागतो तो कुठल्या वारी लागतो, कळत नाही.
मी बुधवारीच शनिवार आठवू लागलो.
धक्क्यावर उगाच बसून
गाल फुगवू लागलो, रिकामेच.
नवा तिकीटवाला म्हणाला, दाढ दुखते का काका?

शिगम्याच्या सुमाराला एकच राहिला.
बाईंनी पेटी मिटली.
हा राहू दे.

मी पणजीला गेलो.
अठरा जून रस्त्यावरच्या दुकानात
काचेआडच्या पोराला मोठ्या ऐटीत म्हटलं,
जरा नरम दाखव.
आठवडाभराच्या मासळीचे पैसे मोजले,
सिगार आतल्या खिशात घालून फेरीत चढलो,
आणि वाटलं, आज कुणीतरी
माझंच तिकीट मागावं.

शनिवारी पेटवला.
बाईंनी नेहमीसारखी खुर्ची ओढली,
श्वास घेतला, धरला.
हा त्याचा नाही.

मी विझवायला वाकलो.
विझवू नकोस, म्हणाल्या,
चेपला की घाण मारतो.
ठेव. आपणहून मरेल.

मग उठल्या, खुर्ची उचलली,
धूर येत नाही त्या बाजूला ठेवली,
आणि इतक्या शनिवारांत पहिल्यांदा
माझ्याकडे बघून विचारलं,
हिचा गुडघा कसा आहे?

मी म्हटलं, बरा आहे.
मग म्हटलं,
नाही हो. बरा नाहीये.